वस्त्रसंग्रहाच्या प्रदर्शनाची दृश्य-ओळख कशी घडवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावी असलेल्या आपल्या संस्थेकडे एका जुन्या कापडपेढीचा संग्रह देणगी म्हणून आला आहे. त्यात लुगड्यांचे तुकडे चिकटवलेल्या नमुनावह्या, मोडीतल्या खतावण्या, गिरण्यांचे रंगीत छाप, काही पैठण्या, इरकली लुगडी आणि सोलापुरी चादरींचे नमुने आहेत. पुढच्या वर्षी त्याचे दोन महिन्यांचे प्रदर्शन भरवायचे असून बोधचिन्ह, रंग, अक्षरे, फलक, निमंत्रणपत्रिका आणि वस्तूंजवळच्या पाट्या असे सगळे ठरवायचे आहे. बोधचिन्हात मोर घ्यावा की माग, मराठी आणि इंग्रजी एकत्र कसे बसवावे आणि पैसे बेताचे असताना खर्च आधी कशावर करावा, असे आपण विचारले आहे. संग्रहालयांसाठी हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

मोरही घेऊ नये आणि मागही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे आहे तो केवळ सुंदर साड्यांचा साठा नसून दप्तर, म्हणजे नोंदींचा संग्रह आहे, आणि दप्तरात कापड कधी एकटे नसते. त्याच्या शेजारी कोणीतरी काहीतरी लिहिलेले असते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती, सूत कोणते, भाव काय, माल कुठून आला, कोणाला गेला. कापडाचा तुकडा आणि त्याची नोंद ही जोडी हाच आपल्या प्रदर्शनाचा विषय आहे, आणि दृश्य-ओळख याच जोडीतून उभी राहिली पाहिजे.

या जोडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भारतीय कापडाचेच आहे. लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या खात्यात, काम करणारे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत बांधून घेतले आणि असे २० संच तयार करवले. त्यांपैकी १३ संच ब्रिटनमध्ये आणि ७ भारतात ठेवले गेले. ब्रिटनमधल्या गिरणीमालकांनी भारतातले लोक काय नेसतात ते घरबसल्या पाहावे आणि तसा माल काढून इकडे विकावा, हा त्यामागचा उद्देश होता. प्रत्येक पानावर कापडाचे कात्रण आणि त्यासोबत ठिकाण, लांबी, रुंदी, वजन, किंमत असा तपशील ठरावीक पद्धतीने दिलेला आहे. रचनाकार म्हणून पाहिले तर ते पान आजही थक्क करते, कारण ढाक्याची मलमल आणि जाडेभरडे लुगडे तिथे एकाच मापाच्या जागेत, एकाच पद्धतीने मांडलेले आहे आणि त्यामुळे त्यांची तुलना करता येते. पण त्या रचनेत विणणाऱ्याच्या नावाला जागाच नव्हती. व्यापाऱ्याला जे हवे होते तेवढेच पानावर आले.

आपल्या नमुनावह्यांमध्येही हेच दिसेल, कारण त्याही व्यापारासाठीच लिहिलेल्या आहेत. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, बोधचिन्हाचा विचार बाजूला ठेवून आधी वस्तूजवळची पाटी तयार करावी. पाटीवर कोणते रकाने असतील आणि ते कोणत्या क्रमाने येतील, हे संग्रहाच्या अभ्यासकांसोबत बसून ठरवावे: कापडाचे नाव, ठिकाण, लांबी वारांत आणि मीटरमध्ये, पन्हा, ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) कशाचा, वहीतला भाव, संग्रहातला नोंदणी क्रमांक आणि विणकर. शेवटचा रकाना बहुतेक पाट्यांवर रिकामा राहील. तो काढून टाकू नये. त्या ओळीत ‘नोंद नाही’ असे छापावे आणि ती ओळ इतर ओळींइतक्याच मोठ्या अक्षरात असावी. दालनातून फिरताना प्रेक्षकाला ती ओळ पुन्हा पुन्हा दिसत गेली, तर या संग्रहाबद्दलची सर्वांत गंभीर गोष्ट वेगळे निवेदन न लिहिता त्याच्यापर्यंत पोहोचेल. हीच पाटी मोठी केली की फलक होतो, लहान केली की निमंत्रण होते आणि एकामागे एक लावली की पुस्तिका होते. एवढे जमले तर ओळखीचे निम्म्याहून अधिक काम झाले, असे मी मानतो.

आता मोर का नको, ते सांगतो. पैठणीतला मोर लांबून गोलाईदार दिसतो, पण त्यावर भिंग धरले तर गोलाई कुठेच सापडत नाही. बाण्याचा रंगीत धागा ठरावीक ताण्यांपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. पुढच्या ओळीत तो एखाद-दोन धागे अलीकडे किंवा पलीकडे वळतो. अशा बारीक पायऱ्यांमधून मानेचा बाक तयार होतो. संगणकावर त्याचे रेखाटन करताना आपण नेमक्या या पायऱ्या घासून गुळगुळीत करतो, म्हणजे विणकाम काढून टाकून फक्त पक्षी शिल्लक ठेवतो. तसा मोर आज लग्नपत्रिकांवर, साड्यांच्या दुकानांच्या पिशव्यांवर आणि मिठाईच्या खोक्यांवर सगळीकडे आहे, त्यामुळे तो आपल्या संग्रहाची म्हणून कोणतीच ओळख सांगत नाही. शिवाय बांगडी मोर, असावली, मुनिया, नारळी काठ ही सगळी नक्षी एकट्या पैठणीची दौलत आहे. त्यांतले काहीही माथ्यावर बसवले की इरकल, चादर आणि गिरणीचे कापड दुय्यम ठरते, आणि वह्यांमध्ये तर त्यांचाच भरणा अधिक असतो. एखाद्या ठिकाणी नक्षी घेणे अगदीच आवश्यक वाटले, तर ती ताण्याबाण्याच्या चौकटीवर, एकेक धागा मोजून, पायऱ्यांसह काढावी आणि कोणत्या वस्तूवरून काढली तो नोंदणी क्रमांक तिच्याखाली छापावा.

मागाच्या चित्राची अडचण वेगळी आहे. अशा चित्रात सहसा हातमाग काढला जातो, आणि तो काढला की सगळा संग्रह हातमागाचा आहे असा समज होतो. आपल्याकडे गिरणीचे छाप आहेत आणि चादरींपैकी बऱ्याच यंत्रमागावरच्या असण्याची शक्यता आहे. शिवाय हातमागाच्या खऱ्या मालाची खूण म्हणून केंद्र सरकारने २००६ साली हातमाग चिन्ह सुरू केलेले आहे. त्याच्याशी साधर्म्य असलेले काही यंत्रमागाच्या कापडाशेजारी लावणे विणकरांच्या दृष्टीने योग्य नाही.

मग आकार कुठून आणायचा? कापडाच्या मापातून. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी झाली आणि पन्हा साधारण सव्वा मीटरचा धरला, तर नऊवारी लुगडे आपल्या रुंदीच्या साडेसहा-सात पट लांब असते. ही अरुंद आणि खूप लांब पट्टी हा आपल्या ओळखीचा मूळ आकार ठरू शकतो. दालनाच्या दारावरची पाटी, संकेतस्थळाचा माथा, प्रवेशिका, पुस्तकातली खूणपट्टी या सगळ्यांना ती सहज शोभते, आणि ती पाहणाऱ्या कोणत्याही मराठी घरातल्या बाईला तिचे मूळ सांगावे लागत नाही. या पट्टीचे काठ, अंग आणि पदर असे भाग पाडावेत, मात्र मनाने पाडू नयेत. संग्रहातले एक इरकली लुगडे निवडावे, ते टेबलावर पूर्ण उलगडून काठाची रुंदी आणि पदराची लांबी मोजावी आणि तीच प्रमाणे कायम करावीत. मी इरकल सुचवतो त्याला कारण आहे. इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि विणण्याआधी दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून ते जोडले जातात. तिथे याला टोपे-तेनी म्हणतात. अंग कुठे संपते आणि पदर कुठे सुरू होतो, हे तिथे धाग्यांच्या जोडणीनेच ठरलेले असते. प्रदर्शनाचे नाव अंगात आणि तारीख, स्थळ, वेळ पदरात असा नियम केला की प्रत्येक छापील वस्तूची रचना त्यातून आपोआप सुचत जाते. पट्टीत नक्षी भरू नये. काठाच्या जागी एक सपाट रंग पुरतो.

गिरण्यांच्या छापांचा मोह आपल्याला नक्की पडेल. देवदेवता, वाघ, राजेरजवाडे, आगगाड्या असे चमकदार रंगांत शिळाछापाने छापलेले हे कागद गठ्ठ्यावर किंवा ठाणावर, म्हणजे कापडाच्या अखंड ताग्यावर, चिकटवलेले असत आणि अक्षर न वाचता येणारे गिऱ्हाईकही त्यावरून आपला माल ओळखत असे. फलकावर त्यांतला एखादा घेतला तर गर्दी हमखास जमते, हेही खरे आहे. तरीही प्रदर्शनाचा चेहरा म्हणून ते वापरू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण छाप विकणाऱ्याची जाहिरात करतो आणि तोच पुढे आला की कापड मागे पडते. त्यांना एक स्वतंत्र भिंत द्यावी आणि तिथे मनसोक्त पाहू द्यावे. आपल्या उपयोगाचा शिक्का दुसराच आहे. १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने ठाणाच्या कापडावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत उमटवणे बंधनकारक केले होते. संग्रहातल्या ठाणांच्या टोकांना असे आकडे आणि गिरणीची नावे एकाच शाईत उमटलेली सापडली, तर ती अवश्य नीट पाहावीत. त्या आकड्यांचे वळण, किंचित पसरलेली शाई आणि कापडाच्या पोतामुळे तुटलेली कड यांत जी साधी ताकद आहे, ती कोणत्याही चितारलेल्या बोधचिन्हात येत नाही. प्रदर्शनाचे नाव अशा शिक्क्याच्या स्वरूपात केले तर ते रबरी शिक्क्याने पाकिटावर, प्रवेशिकेवर, पिशवीवर हाताने उमटवता येते आणि छपाईचा मोठा खर्च वाचतो. फक्त शिक्का आणि शाईची पेटी दालनाबाहेर ठेवावी. वस्तू ज्या टेबलावर हाताळल्या जातात तिथे शाई कधीही नेऊ नये.

अक्षरांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठीतल्या प्रदर्शनांमध्ये सर्वांत जास्त हेळसांड इथेच होते. संगणकावरचे कित्येक देवनागरी टंक (फॉन्ट) हिंदीची रूपे मुळात धरून बनवलेले असतात. त्यांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, ५, ८, ९ हे अंकही परके दिसतात आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र कधी कधी भलताच उमटतो. राज्य शासनाने २००९ साली मराठी लिपीची प्रमाण रूपे ठरवून दिली आहेत. निदान सार्वजनिक दालनात तरी ती पाळली जावीत. चांगल्या टंकांमध्ये मराठी रूपे आत दिलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्याशिवाय ती जागी होत नाहीत. संकेतस्थळावर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते. पानांची मांडणी करण्याच्या इनडिझाइन या आज्ञावलीत परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडून भाषा मराठी ठेवावी लागते. छापखान्याकडे मजकूर युनिकोडपूर्व टंकात असेल तर तो रूपांतरित करून वापरू नये, पुन्हा टाइप करून घ्यावा आणि मुद्रितशोधकाला कागदावर दाखवावा.

कोणता टंक घ्यावा, हे आपल्या संग्रहात कोणत्या भाषा बोलल्या जातात यावर अवलंबून आहे, आणि हा मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. सोलापूरच्या चादरी विणणाऱ्या पद्मशाली घरांची बोली तेलुगू आहे. इरकल आणि खण हे कन्नड मुलखातून, इलकल आणि गुळेदगुड्ड इथून येतात. वह्यांमध्ये मालेगाव किंवा भिवंडीच्या मोमीन विणकरांचा माल असेल, तर त्यांची भाषा उर्दू. प्रदर्शन मराठी आणि इंग्रजीत करून ज्यांनी हे विणले त्यांच्या नातवंडांना परक्यासारखे वाचायला लावणे मला पटत नाही. निदान कापडाचे नाव तरी त्या त्या लिपीत पाटीवर असावे. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘अनेक’ हे टंककुल इथे फार उपयोगी आहे, कारण देवनागरी, कन्नड, तेलुगू आणि रोमनसह दहा लिप्या त्यात एकाच हाताने घडवल्यासारख्या आहेत आणि तो मोफत मिळतो. उर्दूसाठी नोटो नस्तालिक घ्यावा आणि त्या ओळीला उंची जास्त सोडावी, कारण नस्तालिक अक्षरे तिरपी उतरत जातात. लांब मजकुरासाठी पुस्तकी वळण हवे असेल तर तिरो देवनागरी मराठी पाहावा. त्यात मराठी रूपे वेगळी निवडावी लागत नाहीत. इंग्रजी मजकूर मराठीच्या खाली आणि वजनाने हलका असावा, पण इतका बारीक नको की तो अपमानास्पद वाटेल.

खतावण्यांच्या मोडीबद्दल एक सावधगिरी सांगतो. मोडीचे वळण इतके देखणे आहे की ते भिंतीवर मोठे करून नुसते सजावटीसाठी लावावे, अशी कल्पना कोणीतरी मांडेलच. जे पान लावाल त्याचे देवनागरी लिप्यंतर शेजारी लावणार असाल, तरच ते लावावे. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत, आणि भिंतीवर उधारीचा हिशोब किंवा एखाद्या घराण्याची खासगी बाब मोठ्या अक्षरांत झळकत असल्याचे उद्घाटनाच्या दिवशी त्यांच्याकडून कळणे बरे नाही.

रंगांच्या बाबतीत माझा नियम कडक आहे: दालनात सर्वांत रंगीत वस्तू कापड असावी. १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रांचे गाजलेले प्रदर्शन झाले, तेव्हा अलेक्झांडर जिरार्ड यांनी पाण्यावर साड्या टांगून आणि आरसे लावून एक काल्पनिक बाजारच उभा केला होता. तो अनुभव विलक्षण असणार यात शंका नाही, आणि त्या हेतूसाठी तो योग्यही होता. पण आपल्याकडे चार बोटे रुंदीची कात्रणे आहेत. भिंत जर राणी रंगाची केली, तर त्या तुकड्यांतला फिकट झालेला कुसुंबी कोणाला दिसणारही नाही. भिंतींना मध्यम करडा किंवा न धुतलेल्या सुताचा रंग द्यावा. ओळखीसाठी रंग हवेत ते वह्यांमधून घ्यावेत: खतावणीच्या बांधणीचे लाल कापड, शिक्क्याची निळी शाई, डिंकाने तपकिरी झालेली कागदाची कड. एवढे तीन पुरतात. जरीचा सोनेरी घेऊ नये. छपाईत तो पिवळट मातकट उतरतो आणि सोनेरी फॉइल लावले तर ते लग्नाचे आमंत्रण वाटते. रंगांच्या जुन्या नावांचा मात्र पुरेपूर उपयोग करावा. काळ्या अंगाला तांबडे काठ असलेली काळी चंद्रकळा, पोपटी राघू, शुभ्र शिरोदक ही नावे दालनाच्या विभागांना दिली तर आजी नातीला काहीतरी सांगू लागेल. फक्त या नावांचे रंगीत चौकोन छापून ‘राघू म्हणजे हाच रंग’ असे ठरवू नये, कारण रंगाऱ्यागणिक आणि वर्षागणिक तो बदलत असे.

कापडाच्या छायाचित्रणावर खर्च करायला कचरू नका. समोरून सपाट प्रकाशात घेतलेले छायाचित्र नोंदीसाठी ठीक असते, पण फलकासाठी प्रकाश बाजूने, अगदी कलता टाकावा, म्हणजे धाग्याची वीण, घडीची रेघ आणि टाचणीच्या गंजाचे छिद्र उठून दिसते. रंगपट्टी आणि मोजपट्टी चौकटीत ठेवावी. पट्टी नंतर कापून टाकू नये असेही मी सुचवीन, कारण दप्तराच्या प्रदर्शनात ती शोभून दिसते. छापील नमुना छापखान्यातल्या पांढऱ्या दिव्याखाली पसंत करू नका. तो दालनात आणून तिथल्या प्रकाशात मूळ कापडाशेजारी धरून पाहा. नीळ आणि गडद तांबडा हे दोन रंग चार रंगांच्या छपाईत हमखास दगा देतात. त्यांतला एक जरी स्वतंत्र शाईने छापता आला तरी फरक पडतो.

आता ज्या बंधनातून बाकीचे पुष्कळ ठरते त्याकडे येतो. कापडावरचा प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवावा, ही संग्रहालयांची सर्वमान्य मर्यादा आहे, आणि तेवढ्या मंद उजेडात पाटी वाचायची असते. त्यामुळे पाटीवरचा देवनागरी मजकूर २० पॉइंटपेक्षा लहान नको, आणि ओळींमधले अंतर दीडपट हवे, कारण वेलांट्या, रफार आणि उकार यांना वरखाली जागा लागते. इंग्रजीचे माप देवनागरीला लावले की अक्षराचा मुख्य भाग बारीक होऊन बसतो. अक्षरे गडद आणि पाटी फिकट असावी. काळ्यावर पांढरे घेऊ नये, आणि चकचकीत कागद तर मुळीच नको. प्रकाशाचे नुकसान साठत जाते, हेही लक्षात असू द्या. रोज आठ तास याप्रमाणे ६० दिवस ५० लक्स म्हणजे २४,००० लक्स-तास होतात. म्हणून नमुनावहीचे उघडे पान मध्यावर उलटावे आणि नाजूक रेशमी वस्त्र बदलावे. याचा अर्थ पाटीही बदलता येईल अशी हवी, आणि फलकावरचे मुख्य चित्र अशा वस्तूचे असावे जी पहिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत दालनात राहणार आहे. दूरवरून आलेल्या माणसाला फलकावरचे लुगडे तिथे दिसले नाही, तर त्याचा विरस होतो.

साहित्याची निवडही याच बंधनात येते. लोकरीच्या फेल्टमधून आणि रबरातून गंधक सुटते आणि त्याने रुपेरी जर काळी पडते. प्लायवूड आणि एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीतून) आम्ले सुटतात. फ्लेक्स आणि नवे व्हिनाइल बंद कपाटात कापडाजवळ असू नये. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली अशा साहित्याच्या तपासणीची एक पद्धत बसवली, जी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोठी संग्रहालये ती वापरतात. आपल्याला ती चाचणी जमणार नसेल, तर धुतलेले मांजरपाट (जाडसर साधे सुती कापड), आम्लरहित पुठ्ठा आणि त्यावर थेट छापलेला मजकूर एवढ्यावर काम भागवावे. मांजरपाटावर एका शाईत केलेली स्क्रीन छपाई स्वस्त असते, दिसायला आपल्या विषयाला धरून असते आणि फ्लेक्सपेक्षा चांगली टिकते. ती पूर्ण वाळून तिचा वास गेल्यावरच दालनात आणावी. भिंतींना रंगही वस्तू मांडण्याच्या निदान तीन-चार आठवडे आधी लावून व्हावा.

पैसे बेताचे आहेत, तेव्हा क्रम असा ठेवा. आधी छायाचित्रण आणि मोडीचे लिप्यंतर, कारण ते प्रदर्शन संपल्यावरही संग्रहाच्या कामी येते. त्यानंतर पाटीची रचना आणि मुद्रितशोधन. मग मांजरपाटाचे फलक. छापील पुस्तिका परवडत नसेल तर तिच्याऐवजी पाट्यांचाच एक संच शिवून द्यावा. निमंत्रण बहुतेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मिळणार आहे, तेव्हा प्रदर्शनाचे नाव आणि तारीख अंगठ्याएवढ्या चौकोनात वाचता येते का, हे फोनवर बघून घ्यावे. लांब पट्टी तिथे बसत नाही, म्हणून तेवढ्यासाठी फक्त शिक्का वापरावा. बोधचिन्हासाठी कोणी वेगळी मोठी रक्कम मागितली तर ती देऊ नये.

आणखी एक काम आत्तापासून सुरू करावे लागेल, कारण त्याला वेळ लागतो. वह्यांमध्ये ज्या गावांची नावे सापडतील तिथल्या जुन्या विणकरांना आणि त्यांच्या घरच्यांना कात्रणांची छायाचित्रे दाखवा. साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन घरांतली वयस्क माणसे काठ पाहून गाव सांगतात, आणि कधी कधी घरही सांगतात. असे एखादे नाव हाती लागले की त्या घरच्यांची परवानगी घेऊन ते पाटीवर ‘नोंद नाही’च्या जागी छापा, आणि कोणी सांगितले व कधी सांगितले हे संग्रहाच्या नोंदवहीत लिहून ठेवा. पाट्या छापायला देण्याची तारीख शक्य तितकी उशिराची धरा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात आलेले नावही त्यात घेता येईल.